अक्षय ऊर्जा आणि आर्थिक वाढ : सातारा-सांगली

पाणी, वारा, ऊन आणि जैवभार (उसाच्या चिपाडासारखे वनस्पतिजन्य पदार्थ) यांपासून मिळणारी ऊर्जा विकसनशील देशाच्या उत्पन्नात आणि रोजगारात कितपत भर घालते, हा ऊर्जा-अर्थशास्त्रातला जुना वादविषय आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हे चारही स्रोत वापरात आहेत. त्यांतला सर्वांत मोठा, म्हणजे कोयनेचे पाणी, साठ वर्षांहून अधिक काळ वापरात असल्याने हा वाद तिथे जमिनीवर तपासून पाहता येतो.

ऊर्जा वाढली म्हणून उत्पन्न वाढते, की उत्पन्न वाढले म्हणून ऊर्जेची मागणी वाढते? अमेरिकेची आकडेवारी घेऊन १९७८ मध्ये हा प्रश्न संख्याशास्त्रीय पद्धतीने विचारला गेला. तेव्हापासून चार उत्तरे पुढे आली : ऊर्जेमुळे वाढ, वाढीमुळे ऊर्जा, दोन्ही बाजूंनी परस्परपरिणाम, किंवा दोहोंत संबंधच नाही. देश, कालखंड आणि पद्धत बदलली की निष्कर्षही बदलतो. विकसनशील देशापुरत्या दोन गोष्टी मात्र पक्क्या आहेत. एक म्हणजे, अक्षय ऊर्जेत इंधनाचा खर्च जवळपास नसतो, पण भांडवल सुरुवातीलाच ओतावे लागते. त्यामुळे व्याजदर चढा असला की वीज महाग पडते. दुसरे म्हणजे, तिथे मागणी अजून वाढतीच असते. नवी वीज जुन्या कोळशाच्या जागी येण्याआधी त्याच्या जोडीला येते. भारताच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा २०२५ मध्ये बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून इतर) स्रोतांचा झाला, तरी प्रत्यक्ष निर्मितीत कोळसाच पुष्कळ पुढे आहे.

पाटण तालुक्यातील कोयना प्रकल्पातून १९६२ पासून वीज मिळू लागली. आज सर्व टप्पे मिळून त्याची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातले पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला शेकडो मीटर खाली सोडतात आणि पोफळी व अलोरे येथील वीजगृहांत त्यावर जनित्रे फिरतात. काही मिनिटांत चालू-बंद करता येत असल्याने संध्याकाळची वाढीव मागणी भागवायला ही वीज विशेष उपयोगी पडते. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात ते राज्याच्या औद्योगिकीकरणाकडे पाहता खरेच आहे. पण कारखाने उभे राहिले ते मुख्यतः मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात. ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्या प्रकल्पग्रस्तांचे पर्यायी जमिनीचे आणि नागरी सुविधांचे प्रश्न पुढच्या पिढ्यांपर्यंत रेंगाळले. वाढ मोजताना राज्याचा आकडा पाहायचा की खोऱ्याचा, यावर बरेच काही ठरते.

कोयनेच्या पाण्याचा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे. पश्चिमेला वळवलेले पाणी वीज देते आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. पूर्वेला सोडलेले पाणी धरणाच्या पायथ्याच्या ४० मेगावॉटच्या वीजगृहातून कृष्णेत येते. तिथून ते टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजना उचलतात आणि विटा, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत अशा दुष्काळी भागाला देतात. म्हणजे तेच पाणी एकीकडे वीज तयार करते, दुसरीकडे वीज खाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडील वापरावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. टंचाईच्या वर्षी विजेला किती आणि सिंचनाला किती, ही ओढाताण ठरलेलीच. निव्वळ युनिटांत मोजले तर पश्चिमेचे पाणी सरस ठरते. पण कधीकाळी टँकरवर दिवस काढणाऱ्या गावांत आज द्राक्षे, डाळिंब आणि ऊस दिसतो, तो वीज खर्ची घालून वर चढवलेल्या पाण्यामुळे. या योजनांची आवर्तने (पाणी सोडण्याच्या पाळ्या) अनेकदा वीजबिलाच्या थकबाकीमुळे रखडली. पुढे बिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा, अशी विभागणी झाली. म्हैसाळ योजनेच्या पंपांसाठी जत तालुक्यात सौर प्रकल्प हाती घेण्यामागे हेच बिल आहे.

पवनऊर्जेची गोष्ट वेगळी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वनकुसवडे, चाळकेवाडी, सडावाघापूर या साताऱ्यातल्या सड्यांवर (डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांवर) आणि सांगलीत ढालगाव, गुढे-पाचगणी परिसरात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वारा जोराचा होता हे खरे, पण त्याहून जोराची होती करसवलत. पहिल्याच वर्षी यंत्राच्या किमतीवर सुरुवातीला १०० आणि पुढे ८० टक्क्यांपर्यंत घसारा (यंत्राची झीज म्हणून करपात्र नफ्यातून वजा होणारी रक्कम) दाखवता येई. शिवाय राज्याची विक्रीकरातली सूट. त्यामुळे ज्यांचा मूळ धंदा विजेचा नव्हता, त्यांनीही पैसे गुंतवले. २०१२ मध्ये हा वेगवान घसारा काढून घेताच देशातील नव्या पवनचक्क्यांची उभारणी वर्षभरात जवळपास निम्म्यावर आली आणि २०१४ मध्ये तो पुन्हा द्यावा लागला. गावाच्या वाट्याला आले ते जमिनीचे एकरकमी पैसे, पहारेकऱ्याच्या नोकऱ्या, डोंगरावर जाणारा रस्ता आणि ग्रामपंचायतीच्या करावरून चाललेले वाद. रस्ता ही त्यातली सर्वांत टिकाऊ कमाई म्हणावी लागेल.

या विजेला ऋतूचे बंधनही आहे. तिचा मोठा भाग जून ते सप्टेंबरमध्ये मिळतो, म्हणजे शेतीपंप बंद असतात आणि धरणे भरत असतात तेव्हाच. एप्रिल-मे महिन्यांत मोटरी घरघरत असतात तेव्हा पाती मंदावलेली. शिवाय सर्वांत चांगल्या वाऱ्याच्या जागा जुन्या, कमी क्षमतेच्या यंत्रांनी अडवल्या आहेत. ती काढून मोठी यंत्रे बसवण्याचे केंद्राचे धोरण २०१६ चे, २०२३ मध्ये सुधारलेले. पण एकाच पठारावर अनेक मालक असल्याने ते अमलात आणणे सोपे नाही. कातळसड्यांवरच्या दुर्मीळ वनस्पतींचा प्रश्न वेगळाच. जागतिक वारसा यादीतले कास पठार इथून फार दूर नाही.

साखर कारखान्यांतील सहवीजनिर्मितीची तऱ्हा उलटी. उसाचा रस काढल्यावर उरणारे बगॅस उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये जाळून कारखाना स्वतःची गरज भागवतो आणि उरलेली वीज विकतो. गाळप हंगाम हिवाळ्या-उन्हाळ्यात असल्याने ही वीज वाऱ्याच्या पडत्या काळात येते. सहकारी कारखान्यात मालक सभासद शेतकरीच असल्याने मिळकत ऊसदराच्या रूपाने परिसरात फिरते, निदान फिरावी अशी अपेक्षा असते. मात्र पुढे वीजखरेदीचे दर खाली आले आणि कारखान्यांचे लक्ष इथेनॉलकडे वळले. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे राष्ट्रीय उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर आणल्याने त्यात भरवसा वाटू लागला होता. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेचे उत्पादन घटण्याच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले. देश ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो, त्यामुळे परकीय चलनाची बचत हा या धोरणाचा भक्कम आधार. उसाला लागणारे पाणी त्या हिशेबात क्वचितच धरले जाते.

सौरऊर्जेचा इथला खरा फायदा वेळेचा आहे. शेतीला रात्रीच्या पाळीची लाईट मिळणे म्हणजे अंधारात, साप-बिबट्याच्या धास्तीत उसाला पाणी पाजणे. शिराळा-कराड भागात हे काही वेगळे सांगायला नको. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत (२०१७; दुसरा टप्पा २०२३) कृषी वाहिन्यांना दिवसा वीज देण्यासाठी विकेंद्रित प्रकल्प उभारले जातात आणि खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. पवनचक्क्यांच्या काळात जमीन विकून मोकळे झालेल्यांना असे भाडे मिळाले नव्हते. पाटण तालुक्यातलेच मान्याचीवाडी हे २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. तिथे घरांच्या छतांवर वीज तयार होते आणि तिचा लाभ थेट घराच्या बिलात दिसतो.