स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस

कुत्र्याची त्वचा, तोंड, नाकपुड्या व गुदद्वाराभोवतीचा भाग येथे एरवी निरुपद्रवीपणे राहणारा, कोॲग्युलेज (रक्तद्रव गोठवणारे विकर) स्रवणारा ग्रॅम-धन (ग्रॅम रंजनात जांभळा दिसणारा) गोलाणू, म्हणजे गोल आकाराचा जीवाणू. त्वचेचा पूयरोग, बाह्यकर्णशोथ व शस्त्रक्रियेच्या जखमांतील संसर्ग यांत तो नेहमी सापडतो.

नामकरण गुंतागुंतीचे आहे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हायेक यांनी १९७६ मध्ये कबुतर, कुत्रा, मिंक (मुंगसासारखा फरधारी प्राणी) व घोडा यांच्यापासून मिळालेल्या वाणांवरून (एकाच जातीतील उपप्रकारांवरून) स्टॅ. इंटरमीडियस ही जाती वर्णिली आणि पुढे सुमारे तीस वर्षे कुत्र्यांतील वाण तिच्यातच गणले गेले. २००५ मध्ये बेल्जियममधील डेव्हरीझ व सहकाऱ्यांनी मांजर, कुत्रा, घोडा व पोपट यांच्या एकेका वाणावरून स्यूडइंटरमीडियस ही निराळी जाती मांडली. तिचा नमुना-वाण (जातीचा प्रमाणभूत वाण) मात्र मांजराचा आहे. २००७ मधील जनुक-अनुक्रमांच्या अभ्यासांनंतर कुत्र्यांतील जवळजवळ सर्व वाण हिच्यात आले आणि इंटरमीडियस हे नाव मुख्यतः कबुतरांतील वाणांपुरते उरले. २००७ पूर्वीच्या पशुवैद्यकीय साहित्यात कुत्र्याचा ‘इंटरमीडियस’ आढळल्यास बहुधा प्रस्तुत जातीच समजावी.

जैवपटल (पृष्ठभागाला चिकटून राहणारा जीवाणूंचा थर) : गोलाणू पृष्ठभागावरील प्रथिनांच्या साहाय्याने ऊतीला, टाक्याच्या धाग्याला वा हाडाला बसवलेल्या धातूच्या पट्टीला चिकटतो, थरांनी वाढतो आणि शर्करा-बहुवारिक (शर्करेच्या लांब साखळ्या), प्रथिने व पेशीबाह्य डीएनए यांच्या चिकट आधारद्रव्यात गुरफटतो. बहुवारिकाच्या निर्मितीसाठी इका जनुकसमूह लागतो. पण तो असलेला प्रत्येक वाण दाट पटल करतोच असे नाही. म्हणून केवळ जनुक शोधण्यापेक्षा स्फटिक-जांभळ्या (क्रिस्टल व्हायोलेट) रंगाने पटलाचे प्रत्यक्ष मापन करणे अधिक विश्वसनीय ठरते. काँगो-रेड रंगाच्या संवर्धन माध्यमावर पटल करणाऱ्या वाणांच्या वसाहती काळ्या दिसतात या गृहीतावरील चाचणी त्या मापनाशी नेहमी जुळत नाही. पटल विखुरण्यात एजीआर या, पेशींनी परस्परांना रासायनिक संदेश देण्याच्या यंत्रणेचा वाटा असतो. तिचा संदेश-पेप्टाइड नऊ ॲमिनो अम्लांचा असून, स्टॅ. ऑरियस या माणसातील परिचित जातीत अशा पेप्टाइडचे वलय सिस्टीन या ॲमिनो अम्लामुळे जुळते तर येथे सेरीनमुळे. पटलाच्या खोल थरांत पेशी मंदावतात, त्यामुळे एरवी मारक असलेली औषधमात्राही अपुरी पडते. याला सहनशीलता म्हणावे. ती जनुकीय रोधाहून (जनुकांमुळे औषधाला होणाऱ्या प्रतिकाराहून) वेगळी आहे, जरी अनेक लेखांत दोन्हींची गल्लत दिसते.

प्रतिजैविकरोध : मेकए जनुकामुळे पेनिसिलिनबंधक प्रथिन (पेनिसिलिन ज्याला चिकटते ते) बदलते व बहुतेक बीटा-लॅक्टम औषधे (पेनिसिलिनच्या गटातील) निष्प्रभ होतात. असे, म्हणजे मेथिसिलिनरोधी, वाण साधारणतः २००६ पासून युरोपात झपाट्याने पसरले. तेथे अनुक्रम-प्ररूप (जनुकांच्या अनुक्रमावरून ठरवलेला वाणगट) ७१, तर उत्तर अमेरिकेत ६८ प्रबळ राहिले. अनेक वाणांत मॅक्रोलाइड, टेट्रासायक्लीन व फ्लुओरोक्विनोलोन यांचाही रोध असतो. मेथिसिलिनरोधाच्या चाचणीसाठी ऑक्सॅसिलिनच वापरावे; स्टॅ. ऑरियससाठी चालणारी सेफॉक्सिटिन या प्रतिजैविकाची चकती येथे फसवी ठरते. मेथिसिलिनरोधी वाण पटलही अधिक करतात, हे मत काही अभ्यासांत आढळते, इतरांत नाही. दोन्ही गुण स्वतंत्र मानणे सयुक्तिक वाटते.

उपचारांत वरवरच्या त्वचारोगासाठी क्लोरहेक्झिडिनयुक्त शांपू व लेप यांना प्राधान्य देतात. पटल धरलेली धातूची पट्टी वा टाका शक्यतो काढून टाकतात. माणसातील संसर्ग विरळ असून पहिली नोंद २००६ मधील, बेल्जियममधली आहे.