व्यापारी इमारतीचा भोगवटा: अर्ज कोणी करायचा, कागद कोणते, फाइल कुठे अडते

मुंबई महापालिकेची हद्द आणि काही विशेष क्षेत्रे सोडली तर महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर (एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली) लागू आहे. दुकाने, कार्यालये, शोरूम अशा इमारतीचा वापर सुरू करण्याआधी या नियमावलीखाली भोगवटा प्रमाणपत्र घ्यावे लागते. मात्र त्याची तयारी जोत्यापासूनच करावी.

अर्ज जमीनमालकाचा किंवा नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र असलेल्या विकासकाचा असतो. तो आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत ऑनलाइन दाखल होतो. ठेकेदार अर्जदार नसतो, पण निम्मे कागद त्याच्याकडूनच यायचे असतात.

बांधकाम परवानगी दरवर्षी नूतनीकरण करून एकूण ४ वर्षे टिकते. या मुदतीत काम जोत्यापर्यंत आले, तर पुढे नूतनीकरण लागत नाही. म्हणून जोते होताच तपासणीची सूचना द्या आणि पोच जपून ठेवा. लाइनआउट (जमिनीवरची इमारतीची आखणी) चुकले असेल तर ते इथेच कळते. वर चार मजले चढल्यावर सामासिक अंतरातले (इमारत आणि प्लॉटची हद्द यांमधल्या मोकळ्या जागेतले) १५ सेंटीमीटर परत आणता येत नाहीत.

पूर्णत्वाच्या, म्हणजे भोगवट्याच्या अर्जासोबत साधारणपणे हे लागते: मंजूर नकाशे व परवानगीची प्रत, जोते तपासणीचा कागद, आर्किटेक्टचा पूर्णत्व दाखला, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा स्थिरता दाखला, अग्निशमन विभागाचा अंतिम ना हरकत दाखला, लिफ्ट चालवण्याचा परवाना, ड्रेनेज जोडणीचा दाखला, मिळकत कर व १ टक्का कामगार कल्याण उपकर भरल्याच्या पावत्या. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा अधिक असेल, तर पर्यावरण मंजुरीतल्या अटींची पूर्तताही दाखवावी लागते.

स्थिरता दाखल्यासाठी क्यूबचे (काँक्रीटची ताकद तपासायला भरलेल्या ठोकळ्यांचे) अहवाल हवेत. ४० घनमीटरच्या स्लॅबला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान ४ नमुने, म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीचे १२ क्यूब. ७ दिवसांचे वेगळे. क्यूबवर तारीख आणि कोणता स्लॅब हे ओल्या काँक्रीटवरच लिहून घ्या. नाव नसलेल्या क्यूबच्या अहवालावर चांगला इंजिनिअर सही करत नाही, आणि ते योग्यच आहे.

लिफ्टच्या दोन पायऱ्या असतात: आधी उभारणीची परवानगी, मग तपासणी होऊन चालवण्याचा परवाना. पहिली न घेताच लिफ्ट बसवली की दुसरी अडकते.

पण सर्वात जास्त फायली कागदांपेक्षा टेपने मोजल्यावर अडतात. जिना नकाशात १.५० मीटर असतो आणि आरसीसीही तेवढीच सोडली जाते. मग दोन्ही बाजूंना प्लास्टर आणि ग्रॅनाइट मिळून ७-८ सेंटीमीटर जातात आणि हाती १.४२ उरतात. विटांच्या भिंतींमध्ये १.६० सोडा. एसीपी (अॅल्युमिनियमचे पत्रे) किंवा काचेच्या दर्शनी भागाची चौकट भिंतीपासून १०-१५ सेंटीमीटर बाहेर येते, ती सामासिक अंतर खाते. जनरेटर आणि मीटर पॅनेल ऐनवेळी पार्किंगमध्ये सरकवले जातात, आणि २.५ × ५ मीटरच्या दोन-तीन जागा कमी भरतात.

असा फरक राहिलाच, तर अर्जाआधी सुधारित नकाशे मंजूर करून घ्या. खालचे मजले पूर्ण असतील, तर त्यांच्यापुरता अंशतः भोगवटाही मागता येतो. मात्र त्या मजल्यांचा जिना, पार्किंग आणि अग्निशमन यंत्रणा चालू हवी. वापर सुरू झाल्यावर दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून त्या यंत्रणेचा नमुना 'ब' दाखला द्यावा लागतो.