पॅरामेट्रिक पार्टची जॉमेट्री एडिट करणे

पॅरामेट्रिक पार्ट म्हणजे कॅडमधला (कॉम्प्युटरवर डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमधला) असा थ्रीडी पार्ट ज्याचा आकार मापांवर आणि त्या मापांच्या आपसातल्या नात्यांवर उभा असतो. माप बदललं की सॉफ्टवेअर पार्ट नव्या मापाने परत बांधतं, त्याला रिबिल्ड म्हणतात. रेषांना अटी घालायची कल्पना आयव्हन सदरलँडच्या १९६३ च्या स्केचपॅडमध्येच होती, पण सॉलिड पार्टसाठी ती रोजच्या वापरात आणली १९८० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या प्रो-इंजिनिअरने, मग १९९५ मध्ये सॉलिडवर्क्स आलं आणि हेच काम विंडोजच्या पीसीवर व्हायला लागलं. फुकटात हवं असेल तर फ्रीकॅड आहे, शिकायला उत्तम.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. जून-जुलैत मासेमारी बंद असते, रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरात बोटी वर घेतात आणि पंख्याच्या शाफ्टची कामं निघतात. समजा गनमेटलचा (एका प्रकारच्या काशाचा) बुश आहे, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, बाहेरून ६० मिमी, आतला बोअर (भोक) ४० मिमी, आणि बोअरला आतून पाणी फिरायला लांब खाचा. आता शाफ्ट ४५ चा बसवायचाय (क्लिअरन्स, म्हणजे शाफ्ट आणि बोअरमधली फट, तूर्त बाजूला ठेवू). फीचर ट्रीमधलं (पार्ट कुठल्या पायऱ्यांनी बनला त्या यादीतलं) स्केच उघडून ४० चं ४५ केलं की झालं असं वाटतं, पण पार्ट काढणाऱ्याने बाहेरचा व्यास "बोअर अधिक २०" असा इक्वेशनने बांधला असेल तर बुश ६५ चा होतो आणि बोटीच्या ट्यूबमध्ये (ज्या नळीत बुश बसतो तिच्यात) जातच नाही. इथे ६० हे ट्यूबने ठरवलेलं माप आहे, ते पक्कं ठेवून भिंत १० ची साडेसात होऊ द्यायची, आणि तेवढी पुरते का ते आधी बघायचं.

खाचांची गंमत वेगळीच. ४ मिमीच्या खाचेचं सेंटर ओरिजिनपासून (बोअरच्या मध्यापासून) २० वर ठेवलेलं असेल तर खाच १८ ते २२ त्रिज्येत बसते, नवीन बोअरची त्रिज्या साडेबावीस, म्हणजे कट पूर्ण हवेतच जातो आणि बऱ्याचदा ट्रीमध्ये चुकीची लाल खूण येते. तेच सेंटर बोअरच्या वर्तुळावर टेकवलं असतं तर खाच आपोआप बाहेर सरकली असती. माझ्या मते एडिटिंगचं अर्ध काम इथेच आहे, कुठलं माप मालक आणि कुठलं त्याच्या मागून येणारं हे ठरवण्यात.

दुसरी कटकट कडांची. सॉफ्टवेअर कडांना आतल्या आत नावं देतं, जॉमेट्री बदलली की ती नावं सरकतात आणि फिलेट (कडेला दिलेली गोलाई) भलत्याच कडेवर जाऊन बसतो किंवा तुटतो. फ्रीकॅडमध्ये याचा त्रास फार होता, नोव्हेंबर २०२४ च्या १.० व्हर्जनमध्ये बराच कमी झाला. तरी स्केच जमेल तिथे पार्टच्या पृष्ठभागाऐवजी मूळ प्लेनवर काढा, फिलेट आणि चॅम्फर (तिरकी कापलेली कड) सगळ्यात शेवटी टाका, आणि एखादं फीचर डिलीट करण्याआधी ते सप्रेस (तात्पुरतं बंद) करून बघा, काय काय मोडतं ते लगेच कळतं.

बाहेरून आलेल्या स्टेप फाइलमध्ये (वेगवेगळ्या कॅडमध्ये देवाणघेवाणीचा फॉरमॅट) ट्री नसतोच, तिथे फेस (पृष्ठभाग) उचलून सरकवायची डायरेक्ट एडिटिंग वापरावी लागते, छोट्या बदलाला ती पुरते. पार्ट बदलल्यावर त्याला जोडलेलं ड्रॉइंग अपडेट होतं, पण सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) टाकलेला जुना प्रोग्राम तसाच राहतो, तो नव्याने काढून द्यावा लागतो.