आकर्षण आणि प्रेमसंबंधांचं उत्क्रांती मानसशास्त्र

एखादी व्यक्ती आपल्याला का आवडते, आवडली की तिच्याशिवाय करमत का नाही, आणि काही जोड्या वर्षानुवर्षं टिकतात त्या कशाच्या जोरावर, हे प्रश्न माणसाच्या लाखो वर्षांच्या इतिहासातून तपासणारी ही मानसशास्त्राची शाखा आहे. मूळ कल्पना अशी की आपण सगळे अशा पूर्वजांचे वंशज आहोत ज्यांना जोडीदार मिळाला, मूल झालं आणि ते मूल जगलंही, मग जोडीदार निवडताना ज्या आवडीनिवडी त्यांच्या कामी आल्या त्यातल्या काही आपल्यापर्यंत आल्या असणार.

इथे एक गैरसमज फार होतो आणि तो राहिला की पुढचं सगळंच चुकीचं वाचलं जातं. उत्क्रांतीचं कारण वेगळं आणि माणसाच्या मनातला हेतू वेगळा. गोड खाताना कोणी कॅलरी मोजून खात नाही, जिभेला आवडतं म्हणून खातो, तसंच प्रेमात पडलेल्या माणसाच्या डोक्यात वंश वाढवायचा विचार नसतो. निको टिनबर्गन यांनी १९६३ मध्ये हे नीट मांडलं होतं, की कुठल्याही वर्तनाबद्दल ते शरीरात कसं घडतं, आयुष्यात कसं वाढत जातं, त्याचा उपयोग काय आणि ते कुठून आलं असे चार वेगळे प्रश्न विचारता येतात आणि एकाच्या उत्तराने दुसऱ्याचं उत्तर खोटं ठरत नाही.

सुरुवात डार्विनपासून होते. मोराचा पिसारा त्याला छळत होता, ते पीस बघितलं की आजारी पडल्यासारखं होतं असं त्याने १८६० मध्ये एका पत्रात लिहिलंय, कारण जगायला अडचण करणारी एवढी जड शेपटी नैसर्गिक निवडीतून आलीच कशी याचं उत्तर मिळत नव्हतं. १८७१ मध्ये त्याने लैंगिक निवडीची कल्पना सविस्तर मांडली, म्हणजे नरानरांमधली स्पर्धा आणि मादीची पसंती. यातली स्पर्धा लोकांना लगेच पटली पण मादी निवड करते हे कितीतरी जणांच्या पचनी पडलं नाही, नैसर्गिक निवडीची कल्पना डार्विनसारखीच स्वतंत्रपणे मांडणारा आल्फ्रेड वॉलेससुद्धा त्याच्या विरोधात होता.

पुढचा मोठा टप्पा १९७२ चा, रॉबर्ट ट्रिव्हर्सचा. पिल्लावर ज्याचा वेळ आणि शक्ती जास्त खर्च होते तो निवडीत जास्त चोखंदळ असतो, आणि ज्याचा खर्च कमी तो स्पर्धा करतो, असं त्याचं म्हणणं. याची चांगली परीक्षा उलट्या उदाहरणांत होते. जकाना पक्ष्यांत नर अंडी उबवतो आणि माद्या एकमेकींशी भांडतात. माणसाचं मूल इतकी वर्षं दुसऱ्यावर अवलंबून असतं की बापालाही बराच खर्च करावा लागतो, म्हणून दीर्घकाळाच्या नात्यात पुरुषही चोखंदळ दिसतात.

सगळ्यात जास्त उद्धृत होतो तो डेव्हिड बस यांचा १९८९ चा अभ्यास, ३७ संस्कृती आणि १०,००० हून जास्त माणसं. बायका सरासरीने कमाईच्या क्षमतेला थोडं जास्त महत्त्व देतात आणि पुरुष तरुणपणाला व दिसण्याला, हा निष्कर्ष सगळीकडे फिरतो. पण त्याच माहितीत स्त्री-पुरुष दोघांच्याही यादीत अगदी वर होते ते दयाळूपणा आणि बुद्धिमत्ता, आणि हे कोणी सांगतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण फरकाइतकंच हे साम्यही महत्त्वाचं आहे. १९९९ मध्ये ॲलिस ईगली आणि वेंडी वुड यांनी हीच माहिती परत तपासून दाखवलं की जिथे स्त्री-पुरुष समानता जास्त तिथे यातले काही फरक कमी होतात, मग २०२० मध्ये ४५ देशांतल्या नव्या अभ्यासात फरक पुन्हा दिसले पण समानतेशी संबंध मुख्यतः जोडीदाराच्या वयापुरता सापडला. वाद चालू आहे.

शिवाय माणूस सांगतो एक आणि भुलतो भलत्यालाच. पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी २००८ मध्ये स्पीड डेटिंगला आलेल्यांना आधी आवडी विचारल्या, आणि दिसणं किंवा कमाई मला महत्त्वाची असं ज्याने सांगितलं त्याला प्रत्यक्षात तशीच माणसं जास्त आवडली असं काही झालं नाही.

मला या विषयातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते आकर्षण न होण्याचं कोडं. एडवर्ड वेस्टरमार्कने १८९१ मध्ये म्हटलं की लहानपणापासून एकत्र वाढलेल्यांना मोठेपणी एकमेकांचं आकर्षण वाटत नाही, आणि जवळच्या रक्तातली संतती टाळायची ही सोय असावी. तपासायचं कसं, तर रक्ताचं नातं नसताना एकत्र वाढलेली मुलं शोधायची. इस्राएलच्या किबुट्झमध्ये, म्हणजे सामूहिक वस्त्यांमध्ये, मुलं गटाने वाढायची, तिथल्या २,७६९ लग्नांच्या नोंदी जोसेफ शेफरने तपासल्या आणि पहिली सहा वर्षं सलग एकाच गटात वाढलेल्या दोघांचं एकही लग्न सापडलं नाही. तैवानमध्ये मुलगी लहानपणीच सासरी आणून भावी नवऱ्याबरोबर वाढवायची पद्धत होती, आर्थर वुल्फने तिथल्या नोंदी बघितल्या तर अशा लग्नांत मुलं कमी आणि घटस्फोट जास्त. नंतर किबुट्झमध्ये वाढलेल्यांच्या मुलाखती झाल्या तेव्हा काहींनी सोबत्याबद्दल आकर्षण वाटायचं असंही सांगितलं, म्हणजे हे कुलूप पक्कं नाही, तरीही पुरावा बराच भक्कम आहे.

नातं टिकण्याची गोष्ट वेगळीच. सस्तन प्राण्यांत जोडीने राहणाऱ्या जाती दहा टक्क्यांहूनही कमी आहेत. प्रेअरी व्होल नावाचा उंदरासारखा छोटा प्राणी जोडी बांधून राहतो आणि त्याच्या अभ्यासातून ऑक्सिटोसिन व व्हॅसोप्रेसिन या रसायनांचं त्यातलं काम कळलं. २००५ मध्ये हेलन फिशर, आर्थर आरॉन आणि लुसी ब्राउन यांनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या १७ जणांचा मेंदू स्कॅन केला, तर प्रिय व्यक्तीचा फोटो बघताना डोपामिन हे ओढ लावणारं रसायन तयार करणारा भाग जागा झाला, आणि पुढे लग्नाला सरासरी २१ वर्षं झालेल्या पण अजूनही जोडीदारावर तितकंच प्रेम असलेल्यांतही तोच भाग दिसला. माणसं मोजकी आहेत त्यामुळे जपूनच घ्यायला हवं, पण ओढ नेहमी विझतेच असं काही नाही हे त्यातून दिसतं.

काही प्रसिद्ध दावे मात्र तितके टिकले नाहीत. पाळीच्या चक्रानुसार बायकांना कधी रांगडे तर कधी सौम्य चेहरे आवडतात असं खूप छापलं गेलं, पण २०१८ मध्ये ५८४ जणींची हॉर्मोन मोजून तपासलं तेव्हा त्याला ठोस पुरावा मिळाला नाही. समलिंगी प्रेमाचं उत्क्रांतीतलं स्पष्टीकरण अजून समाधानकारक नाही, तिथली ओढ आणि विरह तर अगदी तसाच असतो. निसर्गात आहे म्हणून ते योग्य, असा अर्थ काढून काहीजण यातले निष्कर्ष वाईट वागणुकीच्या समर्थनाला वापरतात, ती तर सरळ तर्कातली चूक आहे.

एक बाजू फार उशिरा पुढे आली. बहुतेक प्रयोग असं धरतात की माणूस आपला जोडीदार आपणच निवडतो. मेनेलाओस अपोस्टोलू यांनी २००७ मध्ये शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या १९० समाजांची माहिती बघितली, तर लग्नं बहुतेक आईवडील आणि जवळचे नातलग ठरवत होते, मुलाची आणि मुलीची दोघांचीही, आणि मुलीवर ताबा जास्त. आईवडिलांची आणि मुलांची पसंती जुळतेच असं नाही, मुलं दिसण्याकडे जास्त बघतात आणि आईवडील घराण्याकडे. आपल्या आवडी घडल्या त्या काळात त्या आवडींना मोकळं रान कितपत होतं, हे आता नव्याने तपासलं जातंय.