कोकणात धर्म-संस्कृती अभ्यासाची संस्था नोंदवायची असेल तर: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची वाट

दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला बौद्ध लेणी आहेत आणि त्याच डोंगरात पुढच्या काळातल्या नाथपंथाच्या खुणाही आहेत. अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्रायली (कोकणातला ज्यू) समाज आपल्या पूर्वजांचं पहिलं पाऊल मानतो. ब्रह्मदेशाचा राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत राहिला आणि १९१६ साली इथेच वारला. आशिया खंडाचा एवढा ऐवज एका किनाऱ्यावर असताना त्याचा अभ्यास करायला मात्र मुंबई-पुणं गाठावं लागतं. एशियाटिक सोसायटी १८०४ पासून मुंबईत, भांडारकर संस्था १९१७ पासून पुण्यात. ज्यांच्या नावाने ती संस्था उभी राहिली ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर जन्माने मालवणचे. म्हणून कोकणात अभ्यासकांची स्वतःची संस्था हवी असं मला मनापासून वाटतं, आणि ज्यांना ती काढायची आहे त्यांच्यासाठी ही माहिती.

महाराष्ट्रात अशी संस्था दोन कायद्यांखाली नोंदवली जाते. आधी संस्था नोंदणी अधिनियम, १८६०. मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. दोन्हींचं काम धर्मादाय कार्यालयातच चालतं, पण अर्ज दोन, नोंदणी क्रमांक दोन आणि प्रमाणपत्रंही दोन. पहिलं प्रमाणपत्र हातात आलं की बरेच जण थांबतात. तसं करू नका. दुसऱ्या नोंदणीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो.

कोण काढू शकतं?

किमान सात सज्ञान व्यक्ती लागतात. पदवी, पीएचडी, प्राध्यापकी यांपैकी काहीही कायदा विचारत नाही. त्यामुळे संस्थापकांत कॉलेजातले इतिहासाचे शिक्षक असावेत तसा एखादा दशावतारी कलावंत, मोडी वाचणारे निवृत्त कारकून, मशिदीच्या किंवा सिनेगॉगच्या जुन्या नोंदी सांभाळणारे कुणीतरी असावेत. ज्यांच्या परंपरेचा अभ्यास करायचा त्यांनाच सभासदत्वाबाहेर ठेवून चालवलेली संस्था फार दिवस विश्वासाची राहत नाही. सातही जण एकाच घरातले मात्र नकोत. कार्यालयात त्यावर शंका निघते आणि ती रास्तही आहे.

उद्देश लिहिताना सगळ्यात जास्त वेळ द्या

अर्जाचा कस इथे लागतो. १९५० च्या कायद्याच्या कलम ९ मध्ये धर्मादाय हेतू कोणते ते दिलं आहे: गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत, सार्वजनिक उपयोगाचं अन्य काम. केवळ धर्मशिक्षण किंवा पूजाअर्चा एवढाच हेतू असेल तर तो यात बसत नाही. म्हणजे आपली संस्था धर्माचा अभ्यास करणारी आहे, धर्म शिकवणारी किंवा पसरवणारी नाही, हे विधानपत्रात, म्हणजे संस्थेचं नाव आणि उद्देश सांगणाऱ्या मूळ कागदात, स्वच्छ दिसायला हवं. ‘संस्कृतीचे जतन व संवर्धन’ अशी सैल वाक्यं घातली की कार्यालयातला निरीक्षक प्रश्न विचारतो, आणि पुढे देणगीदारांना करसवलत मिळवून देतानाही तेच वाक्य आडवं येतं.

मी असा मसुदा सुचवेन: ‘कोकण किनारा व त्याच्याशी सागरी मार्गाने जोडलेले आशियाई प्रदेश यांतील धर्म, कला, भाषा व लोकपरंपरा यांचा शास्त्रीय अभ्यास करणे, हस्तलिखिते, शिलालेख व मौखिक परंपरा यांची नोंद करणे, परिषदा, व्याख्याने व कार्यशाळा भरवणे, ग्रंथालय व नियतकालिक चालवणे. कोणत्याही धर्माचा वा पंथाचा प्रचार हा संस्थेचा हेतू नाही.’ शेवटचं वाक्य वगळू नका. मंदिर, दर्गा, चर्च अशा सगळ्या दारांत शिरताना तेच वाक्य तुमची ओळख सांगेल.

एकदा नोंदवलेले उद्देश बदलणं जिकिरीचं आहे. विशेष सभेत तीन पंचमांश मतं लागतात आणि महिन्याभराच्या अंतराने दुसरी सभा घेऊन तेवढ्याच मतांनी ठराव कायम करावा लागतो. तेव्हा घाई नको.

नावाचंही तसंच. सरकारी संस्था वाटेल असं नाव १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांविषयीच्या कायद्यामुळे अडतं. आधी नाव उपलब्ध आहे का ते पाहून घ्या. दोन-तीन पर्याय हाताशी असू द्या.

कागदपत्रं

विधानपत्र आणि नियमावली हे दोन मुख्य कागद. विधानपत्रात संस्थेचं नाव, उद्देश, आणि पहिल्या कार्यकारी मंडळाची नावं, पत्ते, व्यवसाय येतात. त्यावर सातही जणांच्या सह्या आणि साक्षीदार. नियमावलीची प्रत कार्यकारी मंडळातल्या किमान तिघांनी खरी म्हणून प्रमाणित करायची. सोबत पहिल्या सभेचा ठराव, सभासदांची संमतिपत्रं, अर्ज करणाऱ्याला दिलेलं अधिकारपत्र, प्रतिज्ञापत्र, प्रत्येकाचा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा. आधार, पॅन आणि विधानपत्र यांवरची नावं अक्षर न अक्षर जुळतात का ते पाहा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या भगिनींच्या बाबतीत हे हमखास राहून जातं.

खरी अडचण येते ती कार्यालयाच्या जागेची. पत्त्याचा पुरावा म्हणून घरपट्टीची पावती किंवा असेसमेंटचा उतारा, वीजबिल आणि मालकाचं ना हरकत पत्र लागतं. आपल्याकडे घर सामाईक. उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव, वीजमीटर थोरल्या काकांच्या नावावर, दोन सहहिस्सेदार डोंबिवलीला. अशा घराचा पत्ता दिलात तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या गोळा करण्यात एखादा गणपती निघून जातो. त्यापेक्षा जिचा उतारा एकाच हयात व्यक्तीच्या नावावर आहे अशी जागा शोधा, मग ती एक खोली का असेना. एखादं वाचनालय किंवा महाविद्यालय जागा देत असेल तर त्यांच्या मंडळाचा ठराव घ्या, तोंडी शब्दावर जाऊ नका.

कार्यालय ज्या जिल्ह्यात, त्या जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात नोंदणी. कार्यक्षेत्र मात्र ‘महाराष्ट्र राज्य’ लिहा, म्हणजे पालघरचं सोपारा आणि सिंधुदुर्गातली पिंगुळी दोन्ही आत येतात. गोव्यातले अभ्यासक सभासद होऊ शकतात. पण १९५० चा कायदा महाराष्ट्रापुरता आहे, तिथे शाखा काढायची तर तिथली रीत वेगळी.

अर्ज आणि नंतरची चौकशी

अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावरून भरता येतो. त्रुटी निघाल्या तर त्यांची पूर्तता लेखी करा आणि पोच घ्या. विश्वस्त नोंदणीच्या अर्जावर कलम १९ खाली चौकशी होते, तेव्हा मूळ कागद घेऊन हजर राहावं लागतं. नोंदणी झाली की सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा उतारा मिळतो. त्यालाच सगळे ‘परिशिष्ट एक’ म्हणतात. पॅन आणि बँक खातं त्यानंतर. करसवलतीची ‘बारा ए’ आणि ‘ऐंशी जी’ ही नावं लोकांच्या तोंडी आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर अधिनियम लागू असल्याने कलमं आणि नमुने बदलले आहेत, तेवढं सीएकडून करून घ्या.

नोंदणीनंतर चुकतं ते इथे

कार्यकारी मंडळ बदललं की नव्वद दिवसांत कलम २२ खाली फेरफार अर्ज द्यायचा असतो. कोकणातल्या कितीतरी वाचनालयांचं आणि मंडळांचं घोडं इथेच अडतं. निवडणूक होते, पेढे वाटले जातात, फेरफार राहतो. दहा वर्षांनी परिशिष्ट एकवर दिवंगत अध्यक्षांचं नाव तसंच, आणि बँक नव्या सह्या मानत नाही. निवडणुकीच्या सभेतच फेरफार अर्जाची जबाबदारी एका माणसाच्या नावाने ठरावात लिहा.

वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत मंडळाची यादी द्यायची असते. हिशोब ३१ मार्चला बंद करून लेखापरीक्षण सहा महिन्यांत. सभा मे महिन्यात ठेवा, चाकरमानी गावात असतात. भर पावसात घाट बंद पडला की गणपूर्तीचे हाल होतात. सभेची नोटीस ईमेल आणि व्हॉट्सअॅपवर चालेल असं नियमावलीत घाला. वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली तर त्या सभासदाला मत देता येत नाही, हेही आधीच सांगून ठेवा. स्थावर मिळकत विकायची झाली तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

परदेशी विद्यापीठाने किंवा अभ्यासकाने देणगी देऊ केली तर लगेच खात्यात घेऊ नका. त्यासाठी विदेशी अंशदान कायदा, २०१० खाली नोंदणी हवी. त्यासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचं अस्तित्व आणि त्या काळात उद्देशांवर किमान १५ लाख रुपये खर्च दाखवावा लागतो. नव्या संस्थेला विशिष्ट कामापुरती पूर्वपरवानगी मागता येते.

कुणी घरातल्या पोथ्या दिल्या तर दानपत्र लिहून घ्या आणि आवकवहीत नोंद करा: कुणी दिली, कोणत्या घरातली, पानं किती, कीड किती. ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात. परवान्याशिवाय ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत, अभ्यासासाठीसुद्धा. परदेशी अभ्यासकाला छायाप्रती द्या. उत्खननाचं तर नावही नको, त्याला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो.

नियमावलीत विसर्जनाचं कलम नीट लिहा. संस्था बंद पडली तर मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेला द्यावी लागते. पोथ्या आणि नोंदी कोकणातल्याच एखाद्या नोंदणीकृत ग्रंथालयाकडे जातील असं तिथे आत्ताच लिहून ठेवा.