अपग्रेडनंतर बिघडलंय ते ईटीसीत की होममध्ये?

लिनक्सचं अपग्रेड झालं, मशीन पुन्हा सुरू केलं आणि डेस्कटॉपची खालची पट्टी गायब. अशा वेळी ठरलेला सल्ला मिळतो: पर्ज कर (म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या सेटिंगसकट काढून टाक) आणि पुन्हा टाक. माणूस इमानेइतबारे पर्ज करतो, पुन्हा टाकतो, बिघाड जसाच्या तसा. मग अख्खी सिस्टीमच नव्याने टाकतो. होमचं पार्टिशन मात्र फॉरमॅट करत नाही, कारण त्यात घरचे फोटो आहेत. लॉगिन केल्यावर पट्टी अजूनही गायबच.

यात भुताटकी काही नाही. लिनक्समध्ये सेटिंग दोन ठिकाणी राहतात. एक सिस्टीमची, ती ईटीसी नावाच्या फोल्डरात. दुसरी तुमच्या खात्याची, ती होम फोल्डरात, नावाआधी टिंब असलेल्या लपलेल्या फोल्डरांमध्ये. दोन्हींना आपण ‘सेटिंग’च म्हणतो, म्हणून घोळ होतो. पण ईटीसी ही पॅकेज मॅनेजरची, म्हणजे प्रोग्रॅम बसवणाऱ्या-काढणाऱ्या व्यवस्थेची, हद्द आहे आणि होममध्ये त्याला पाऊल टाकायची परवानगी नाही. पर्जचा दरारा ईटीसीपुरता. तुमच्या होममधल्या फाइलीला तो हातही लावत नाही. (आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलात ती अर्थातच रोमन लिपीत टाकायची.)

ईटीसी: जिथे निदान विचारलं तरी जातं

डेबियन, उबुंटू आणि मिंट या लिनक्सच्या तिन्ही प्रकारांत पॅकेज बसवण्याचं काम शेवटी डीपीकेजी करतो. ईटीसीतल्या फाइली बदलताना तो बराच सोवळा असतो. प्रत्येक कॉन्फिगरेशन फाइल मुळात कशी होती याचा चेकसम, म्हणजे फाइलीचा ठसा, त्याने नोंदवून ठेवलेला असतो. तुम्ही फाइलला हात लावला नसेल, तर नवी फाइल तो मुकाट्याने बसवतो. तुम्ही बदल केला असेल पण पॅकेजवाल्यांनी काही बदललं नसेल, तर तुमची तशीच ठेवतो. दोन्हीकडून बदल झाला असेल तरच अपग्रेड मध्येच थांबतं आणि प्रश्न येतो: वाय दाबलं तर नवी फाइल, एन दाबलं तर तुमची जुनी, डी दाबलं तर दोन्हींतला फरक, झेड दाबलं तर तपासायला शेल, म्हणजे आज्ञा टाकायची जागा.

नुसतं एंटर दाबलं तर जुनी राहते. आणि बहुतेक जण नुसतं एंटरच दाबतात, कारण रात्रीचे साडेअकरा झालेले असतात आणि आपण ती फाइल कधी बदलली हेच आठवत नसतं. कित्येकदा बदललेलीही नसते. प्रश्नातच लिहिलेलं असतं की बदल तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टने केला आहे. माझं मत विचाराल तर आधी डी दाबावं, फरक वाचावा. दोन-चार ओळींचा असेल तर लगेच कळतं, आणि तो वाचायला जितका वेळ जातो त्याच्या कैक पट नंतर वाचतो.

एंटर दाबूनही काही हरवत नाही. नवी फाइल शेजारीच डीपीकेजी-डिस्ट असं शेपूट लावून ठेवलेली असते. नवी निवडली असेल तर तुमची जुनी डीपीकेजी-ओल्ड नावाने राहते. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सात हीच शेपटं आरपीएमन्यू आणि आरपीएमसेव्ह होतात, आर्चमध्ये पॅकन्यू आणि पॅकसेव्ह. अपग्रेडनंतर ईटीसीत ही शेपटं शोधणं हा पाच मिनिटांचा उद्योग आहे, आणि नवा प्रोग्रॅम जुन्या फाइलीवर ठेचकाळतोय की नाही ते तिथेच कळतं. डेबियन 13 मध्ये डोव्हकॉट हा मेल सर्व्हर 2.4 वर गेला आणि त्याला 2.3 च्या काळातली कॉन्फिगरेशन चालेनाशी झाली. घरातल्या जुन्या पीसीवर मेल सांभाळणाऱ्याने तिथे ‘जुनी ठेव’ म्हटलं की सेवा उठतच नाही.

सोवळेपणालाही मर्यादा आहेत. डेबियन 12 वर अनेकांनी सिस-सीटीएल डॉट कॉन्फ या फाइलीत स्वॅपिनेस (रॅममधलं सामान डिस्कवर किती हलवायचं तो आकडा) 10 करून ठेवलेलं असतं. जुन्या लॅपटॉपसाठीचा तो लोकप्रिय उपाय. ऑगस्ट 2025 मध्ये डेबियन 13 आलं आणि त्यात ती फाइल वाचणंच बंद झालं. फाइल जागेवर, तुमची ओळ जागेवर, कुठे लाल अक्षरात तक्रार नाही, फक्त परिणाम शून्य. अशा वेळी फाइल बघून काही कळत नाही, कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, विचारावं लागतं: प्रोक, त्यात सिस, त्यात व्हीएम, त्यातली स्वॅपिनेस ही फाइल कॅट या आज्ञेने वाचा. 10 ऐवजी 60 दिसलं तर समजा, कर्नलने आपला मूळचाच आकडा धरलाय. उपाय सोपा आहे. तीच ओळ सिस-सीटीएल डॉट डी या फोल्डरात स्वतःच्या नावाच्या नव्या फाइलीत टाकायची. ही ‘डॉट डी’ची सोय सुडोअर्सला आहे, सिस्टीमडीला आहे, एसएसएच सर्व्हरलाही आहे. मूळ फाइलला हात न लावता आपलं वेगळं चिटोरं तिथे ठेवलं की पुढच्या अपग्रेडमध्ये तो वाय-एनचा प्रश्नच येत नाही.

होम: जिथे कुणी विचारत नाही

खात्याच्या सेटिंगचा मामला अगदी उलटा. ती अपग्रेड करण्याचं काम पॅकेज मॅनेजरचं नाही, त्या त्या प्रोग्रॅमचं. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली की प्रोग्रॅम आपली जुनी फाइल वाचतो, नव्या पद्धतीने लिहून टाकतो आणि पुढे जातो. ना वाय, ना एन, ना शेजारी जपून ठेवलेली जुनी प्रत. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर पट्टी गायब.

बहुतेक गोष्टी तीन फोल्डरांत सापडतात: डॉट कॉन्फिग, डॉट लोकलमधलं शेअर, आणि डॉट कॅश. डेस्कटॉप अनेक आहेत. केडीईच्या पट्ट्या आणि विजेट डॉट कॉन्फिगमधल्या साध्या मजकुराच्या फाइलींत असतात, एक्सएफसीईच्या तिथेच एक्सएमएलमध्ये. ग्नोम आणि सिनॅमनची बहुतेक सेटिंग डीकॉन्फ नावाच्या एकाच बायनरी फाइलीत कोंबलेली असतात, ती संपादकात उघडून काही उपयोग नाही. ग्नोमची एक्स्टेन्शन (डेस्कटॉपला जोडलेल्या जादा सोयी) तुम्ही स्वतः टाकलेली असतील तर तीही होममध्येच. सप्टेंबर 2023 मध्ये ग्नोम 45 आलं तेव्हा एक्स्टेन्शन लिहायची पद्धतच बदलली आणि जुनी सगळी एका रात्रीत निकामी झाली. सिस्टीमचं अपग्रेड निर्दोष पार पडलं होतं, मोडलं ते होममधलं सामान.

अगदी फसवा प्रकार मेन्यूचा. मेन्यूतल्या एखाद्या प्रोग्रॅमचं नाव किंवा आयकॉन तुम्ही कधीतरी मेन्यू एडिटरमधून बदललं असेल. तेव्हा एडिटर मूळ फाइल बदलत नाही. तिची एक प्रत डॉट लोकलमधल्या शेअरमधल्या ॲप्लिकेशन्स या फोल्डरात काढतो आणि त्या क्षणापासून सिस्टीमची प्रत झाकली जाते. दोन वर्षांनी अपग्रेडमध्ये प्रोग्रॅमची जागा बदलते. सिस्टीमची प्रत नवी जागा दाखवते, तुमची प्रत मात्र एक्झेकच्या ओळीत (प्रोग्रॅम कुठून चालवायचा ते सांगणाऱ्या) जुनाच पत्ता सांगत बसते. मेन्यूतून क्लिक केलं की काहीच होत नाही, टर्मिनलातून नाव टाकलं की प्रोग्रॅम सुरळीत उघडतो. हे लक्षण दिसलं तर पॅकेजच्या वाटेला जाऊच नका, त्या फोल्डरातली ती एक फाइल बाजूला करा.

त्याचाच भाऊ म्हणजे डॉट लोकलमधलं बिन. अपग्रेड केलं तरी प्रोग्रॅम जुनीच आवृत्ती सांगतो. कारण पूर्वी कधीतरी पिपने (पायथनचे प्रोग्रॅम बसवणाऱ्या साधनाने) त्याची एक प्रत तिथे टाकलेली असते, आणि डेबियन-उबुंटूच्या नेहमीच्या रचनेत ते फोल्डर सिस्टीमच्या आधी धुंडाळलं जातं. टाइप, मग उणे ए, मग प्रोग्रॅमचं नाव, एवढं टाकलं की जितक्या प्रती आहेत तितक्या क्रमाने दिसतात.

मग ओळखायचं कसं

लाइट गेली की आपण आधी खिडकीतून शेजारच्यांकडे बघतो. इथेही तेच. ॲडयुजरने एक नवं खातं काढा आणि त्यातून लॉगिन करा. नव्या खात्याला होम मिळतं ते ईटीसीतल्या स्केल या फोल्डराची कोरी प्रत म्हणून, तुमची जुनी अडगळ त्यात नसते. तिथे पट्टी दिसली तर बिघाड तुमच्या होममध्ये. तिथेही गायब असेल तर सिस्टीममध्ये, आणि मग पुन्हा टाकणं, शेपटं शोधणं, जर्नलसीटीएलने सिस्टीमच्या नोंदी वाचणं या सगळ्याला अर्थ आहे. लॉगिनच्या पडद्याआधीच काही अडत असेल तर ही चाचणीही नको. खात्याची सेटिंग तोवर वाचलेलीच नसतात.

चाचणी फसू शकते ती एका ठिकाणी: गट. आर्डुइनोचा बोर्ड तुमच्या खात्यातून चालतो आणि नव्यातून नाही, याचं कारण होम नसून डायलआउट गटाची (ज्या खात्यांना सीरियल पोर्ट वापरता येतो त्यांची) यादी असते, आणि ती यादी ईटीसीत असते. सेटिंग सिस्टीमची, परिणाम खात्यापुरता.

कीबोर्डची गंमत याच्या उलट. लॉगिनच्या पडद्यावरचा कीबोर्ड ईटीसीतल्या डिफॉल्टमधल्या कीबोर्ड या फाइलीवरून ठरतो, डेस्कटॉपवरचा मराठी इनस्क्रिप्ट तुमच्या खात्याच्या सेटिंगवरून. म्हणून ‘मराठी टायपिंग गेलं’ आणि ‘लॉगिनला पासवर्ड चुकतोय’ या एकाच कीबोर्डच्या तक्रारी असल्या तरी औषधं निराळी. फाँटचंही तसंच आहे. अपग्रेडनंतर देवनागरी अक्षरं अचानक वेगळ्या वळणाची दिसू लागली की आधी नवं खातं बघा. तिथेही तशीच दिसत असतील तर पॅकेजमधल्या फाँटची अदलाबदल झाली आहे, नसतील तर तुमच्याच फाँटकॉन्फिगमध्ये (फाँट निवडण्याच्या सेटिंगमध्ये) काहीतरी जुनं पडून आहे.

पासवर्ड बरोबर, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनचाच पडदा. या चक्रात अडकलेले हमखास ड्रायव्हरला दोष देतात. कधीकधी तो असतोही. पण आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून साध्या टर्मिनलात लॉगिन करा आणि दोन गोष्टी बघा. डिस्क भरली आहे का, ते डीएफने कळेल. आणि होममधली डॉट एक्सऑथॉरिटी ही फाइल रूटच्या, म्हणजे सिस्टीमच्या सर्वाधिकारी खात्याच्या, मालकीची झाली आहे का. सुडो (रूटच्या अधिकाराने चालवण्याची आज्ञा) लावून ग्राफिकल प्रोग्रॅम उघडण्याची सवय असली की असं होतं. उबुंटूत तर 19.10 च्या आधी सुडो होम फोल्डर तुमचंच धरायचं, त्यामुळे होममध्ये रूटच्या मालकीच्या फाइली सहज तयार व्हायच्या. त्यातल्या काही आजही जुन्या मशीनवर तशाच पडून आहेत. फाइंडने होममधल्या रूटच्या फाइली शोधा आणि चओनने मालकी परत घ्या.

होममध्ये दोष ठरला तर फाइल उडवू नका, नाव बदला. आणि नाव बदलताना त्या डेस्कटॉपमध्ये लॉगिन असू नका. बरेच प्रोग्रॅम बंद होताना आपल्या मेमरीतली सेटिंग पुन्हा फाइलीत लिहितात, म्हणजे तुम्ही केलेली साफसफाई लॉगआउटच्या क्षणी पुसली जाते. पुन्हा तेच कंट्रोल-ऑल्ट-एफ3. डॉट कॅश उडवलं तरी सहसा बिघडत नाही. डॉट कॉन्फिगमधलं त्या एका प्रोग्रॅमचं फोल्डर बाजूला करा. डॉट लोकलमधल्या शेअरला मात्र सरसकट हात लावू नका. पासवर्डची कीरिंग तिथे असते, इव्होल्यूशनच्या मेल तिथे असतात. डीकॉन्फवाल्यांनी आधी डीकॉन्फ डंपने सगळं एका फाइलीत उतरवून घ्यावं आणि मग फक्त बिघडलेली शाखा रीसेट करावी.

स्नॅप आणि फ्लॅटपॅक या प्रोग्रॅम पुरवण्याच्या नव्या पद्धतींनी या सरळ विभागणीत थोडा खोडा घातला आहे. उबुंटू 21.10 पासून फायरफॉक्स मुळात स्नॅप म्हणून येतो, त्याची प्रोफाइल डॉट मोझिलात शोधाल तर सापडणार नाही, ती होममधल्या स्नॅप फोल्डरात असते. फ्लॅटपॅकचा संसार डॉट व्हारमधल्या ॲप फोल्डरात. आणि ही मंडळी होमच्या हद्दीत शिरतात: फ्लॅटपॅकला काढताना डिलीट-डेटा सांगितलं तर तुमचा डेटाही जातो.

राहिला मागे फिरण्याचा मार्ग. मिंटवर सिस्टीमच्या प्रती (स्नॅपशॉट) काढून ठेवणारा टाइमशिफ्ट तयारच असतो आणि अपग्रेड फसलं की लोक कालच्या स्नॅपशॉटवर जातात. टाइमशिफ्ट मुळात होम वगळतो. म्हणजे सिस्टीम कालची आणि खात्याची सेटिंग आजची. फायरफॉक्स याबाबतीत निदान स्पष्ट बोलतो. 67 व्या आवृत्तीपासून तो नव्या प्रोफाइलवर जुनी आवृत्ती चालवायला नकार देतो आणि नवी प्रोफाइल काढायला सांगतो. बाकीचे प्रोग्रॅम न बोलता गोंधळ घालतात. टाइमशिफ्टच्या सेटिंगमध्ये युजर्सच्या पानावर फक्त लपलेल्या फाइली घेण्याचा पर्याय आहे, तो निवडला की दोन्ही बाजू एकाच दिवसाच्या राहतात. पण थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम वापरत असाल तर थांबा, त्याची मेल डॉट थंडरबर्डमध्ये, म्हणजे लपलेल्याच फोल्डरात असते. स्नॅपशॉट परत आणला की पॉपने (सर्व्हरवरून मशीनवर) उतरवलेली मधल्या दिवसांतली मेल गेली. तेवढं फोल्डर टाइमशिफ्टच्या फिल्टर्समध्ये वगळून ठेवा आणि त्याची प्रत वेगळी काढा.