दोन्हींना ‘व्हिटॅमिन ए’च म्हणतात: रेटिनॉल की बीटा-कॅरोटीन?

औषधाच्या दुकानात येऊन ‘व्हिटॅमिन ए द्या’ म्हणणाऱ्याच्या हातात दोन अगदी वेगळ्या गोष्टी पडू शकतात. एका पाकिटावर बारीक अक्षरात रेटिनॉल, रेटिनाइल पाल्मिटेट किंवा रेटिनाइल ॲसिटेट लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर बीटा-कॅरोटीन. नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येणारे सोडले, तर बरंचसं गिऱ्हाईक चिठ्ठीशिवायच येतं. कुणाचे केस गळत असतात, कुणाची त्वचा कोरडी पडलेली असते, कुणाला लेकराचा चष्म्याचा नंबर कमी करायचा असतो. (नंबर व्हिटॅमिन ए-ने कमी होत नाही. तो बुबुळाच्या आणि डोळ्याच्या आकाराचा प्रश्न आहे.) काउंटरच्या मागे उभं राहून ही गल्लत पाहताना मला काळजी वाटते. यातला एक प्रकार जास्त झाला तर यकृताला आणि पोटातल्या बाळाला इजा करतो. दुसऱ्याचा त्रास बहुतेकांच्या बाबतीत तळहात पिवळे होण्यापलीकडे जात नाही.

रेटिनॉल म्हणजे तयार व्हिटॅमिन. ते प्राण्यांकडून मिळतं: कलेजी, अंड्याचा बलक, दूध, तूप, माशाच्या यकृताचं तेल. पोटात गेलं की त्याचा बहुतेक भाग शोषला जातो आणि गरजेपेक्षा जास्त असेल तो यकृतात साठतो. व्हिटॅमिन सी जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं. रेटिनॉल चरबीत विरघळणारं असल्यामुळे तसं जात नाही, महिनोन्महिने साचत राहतं.

बीटा-कॅरोटीन हा वनस्पतींमधला पिवळा-केशरी रंग. आतड्याच्या अस्तरात एक एन्झाइम असतं, ते बीटा-कॅरोटीनचा रेणू मधोमध तोडून त्यापासून व्हिटॅमिन ए बनवतं. शरीरातला साठा भरलेला असला की हे काम आपोआप मंदावतं. कोठीत गहू असला तरी आपण लागेल तेवढाच दळून आणतो, तसा हा कारभार आहे. म्हणून गाजरं कितीही खाल्ली तरी त्यातून व्हिटॅमिन ए-ची विषबाधा होत नाही.

पाकिटावरचे आकडे मात्र भल्याभल्यांना चकवतात. तिथे मात्रा बरेचदा आय.यू. (इंटरनॅशनल युनिट) या एककात लिहितात. रेटिनॉलचं १ आय.यू. म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १,००० आणि बाईला ८४० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन ए पुरतं. तयार रेटिनॉलची रोजची वरची मर्यादा प्रौढांसाठी ३,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०,००० आय.यू. धरली जाते. आता २५,००० आय.यू.ची एक कॅप्सूल घ्या. ती ७,५०० मायक्रोग्रॅमची झाली, मर्यादेच्या अडीच पट. डॉक्टरांनी कमतरता पाहून ठरावीक दिवसांसाठी ती लिहून दिली तर ते औषध आहे. पण शेजारणीच्या केसांना फरक पडला म्हणून तीच रोज महिनोन्महिने घेतली, तर डोकं दुखणं, मळमळ, ओठ फुटणं, हाडं दुखणं, यकृताला सूज येणं असं सगळं मागे लागू शकतं. शिवाय ज्यासाठी कॅप्सूल सुरू केली ते केसही जास्त गळू शकतात, कारण केस गळणं हे अति-रेटिनॉलचंच एक लक्षण आहे.

बीटा-कॅरोटीनचा हिशेब वेगळा. १ मायक्रोग्रॅम रेटिनॉलचं काम व्हायला तेलातल्या कॅप्सूलमधलं २ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन लागतं, आणि भाजी-फळातलं सुमारे १२ मायक्रोग्रॅम. म्हणून एकाचे मिलिग्रॅम आणि दुसऱ्याचे आय.यू. शेजारी ठेवून ‘यात जास्त आहे, हीच घ्या’ असं ठरवता येत नाही. काही मल्टिव्हिटॅमिनमध्ये दोन्ही एकत्र असतात. तिथे मोजायचा तो रेटिनॉलचाच वाटा.

इथे कॉड लिव्हर ऑइलबद्दलही सांगायला हवं. ते आणि साधं फिश ऑइल एकच समजून घेणारे खूप आहेत. पहिलं माशाच्या यकृतातून काढतात, त्यात तयार व्हिटॅमिन ए असतं. दुसरं माशाच्या अंगातून काढतात आणि ते ओमेगा-३ साठी घेतात, त्यात व्हिटॅमिन ए जवळपास नसतं. मल्टिव्हिटॅमिनच्या जोडीला कॉड लिव्हर ऑइल चालू असेल तर दोन्हींतल्या रेटिनॉलची बेरीज करा.

अंगणवाडीतल्या डोसाबद्दल आया जे विचारतात ते अगदी रास्त असतं: मोठ्या माणसाची मर्यादा दहा हजार, मग नऊ महिन्यांच्या लेकराला एक लाख कसं काय देता? उत्तर यकृताच्या साठवणीतच आहे. दहा हजार ही रोज, सतत घेण्याची मर्यादा. अंगणवाडीतला डोस एकदाच जातो, यकृतात साठतो आणि पुढचे चार-सहा महिने थोडा थोडा वापरला जातो. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर १ लाख आय.यू., म्हणजे १ मिलिलिटर सिरप देतात. त्यानंतर दर सहा महिन्यांनी २ लाख, पाच वर्षांचं होईपर्यंत. एकूण नऊ डोस, १७ लाख आय.यू. एखाद्या मुलाला एक-दोन दिवस उलटी होते किंवा ते किरकिर करतं, मग ते आपोआप थांबतं. या भीतीपोटी डोस चुकवू नका. कमतरता असलेल्या मुलाला गोवर झाला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. संध्याकाळी अंधार पडताच मूल अडखळायला लागलं, किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा राखाडी ठिपका दिसला, तर वाट न पाहता नेत्रतज्ज्ञाकडे न्या. तिथे उपचाराचा डोस वेगळ्या वेळापत्रकाने देतात.

अंगणवाडीत डोस झाला, आणि त्याच आठवड्यात दुकानातून ‘ताकदीचं’ म्हणून रेटिनॉलचं आणखी एक सिरप आणलं, असं मात्र करू नका. माता-बाल संरक्षण कार्डावर डोसाची तारीख लिहिलेली असते. ते कार्ड दाखवल्याशिवाय मुलासाठी व्हिटॅमिन ए मागूही नका, आणि दुकानदारानेही देऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

गरोदरपणात हा फरक सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या तीन महिन्यांत, म्हणजे कित्येकदा दिवस गेल्याचं कळायच्या आधीच, बाळाचं हृदय, चेहरा, मेंदू घडत असतो, आणि तयार रेटिनॉलचा अतिरेक त्या घडणीत बिघाड करू शकतो. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत रोज १०,००० आय.यू.पेक्षा जास्त तयार व्हिटॅमिन ए गोळ्यांतून घेणाऱ्या बायकांच्या बाळांमध्ये जन्मजात दोषांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. बीटा-कॅरोटीनबद्दल असा धोका दिसलेला नाही. त्यामुळे बाळाचा विचार चालू असेल तर पाकिटावर ‘रेटिनाइल’ शब्द शोधा आणि सापडला तर आधी डॉक्टरांना दाखवा. ‘रक्त वाढतं’ म्हणून गरोदर सुनेला वारंवार सावजी कलेजी खाऊ घालणाऱ्या घरांनाही हेच सांगणं आहे. मटण, अंडी खुशाल द्या, पण कलेजी या काळात टाळलेली बरी, कारण तिच्या एका वाटीत दिवसाच्या मर्यादेहून जास्त रेटिनॉल असू शकतं.

मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन हे औषध रेटिनॉलच्याच कुळातलं. ते चालू असताना वेगळं व्हिटॅमिन ए घेऊ नये. डॉक्सीसायक्लिनसारख्या अँटिबायोटिकसोबतही मोठे डोस नकोत, मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो.

एवढं वाचून बीटा-कॅरोटीन सगळ्यांना निर्धास्त घेता येतं असं वाटेल, तर तसं नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अपेक्षा होती तो कमी होईल अशी. अमेरिकेतला दुसरा प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला. तिथे बीटा-कॅरोटीनबरोबर रेटिनॉलही दिलं होतं आणि कर्करोग २८ टक्क्यांनी वाढला होता. हे प्रयोग खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्यांवर नव्हते, ओढणाऱ्यांवर होते. सिगारेट-बिडी ओढणाऱ्याने, पूर्वी ओढत असलेल्यानेही, बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेऊ नयेत. उतारवयात डोळ्याच्या पडद्याच्या आजारासाठी ज्या गोळ्या लिहून देतात, त्यांत आता त्याऐवजी ल्युटीन आणि झियाझँथिन वापरतात, ते याच कारणाने. गाजरातलं, पालेभाजीतलं बीटा-कॅरोटीन मात्र त्यांनीही खावं. धोका दिसला तो गोळीतल्या मोठ्या मात्रेचा.

खाण्याचं बोलायचं तर नागपूरकराला गोळीची गरज फार कमी वेळा पडावी. आपल्या संत्र्यात यातला थोडा अंश असतो, पण रंगावर जाऊ नका. व्हिटॅमिन ए-चा खरा ठेवा कॉटन मार्केटच्या पालेभाज्यांत आहे: शेवग्याचा पाला, चवळाई, मेथी, पालक, आणि भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. तेलात परतलेल्या सांबाराची वडी या बाबतीत मला फार आवडते, कारण तेलाशिवाय बीटा-कॅरोटीन नीट शोषलं जात नाही, आणि इथे ते आयतंच सोबत असतं. कोहळ्याचे (लाल भोपळ्याचे) बोंड, हिवाळ्यातली गाजरं तुपात परतून, सगळं त्याच कारणाने चांगलं. नुसती कच्ची गाजरं चावून तेवढा फायदा मिळत नाही. साय काढलेल्या दुधातून रेटिनॉल निघून जातं, म्हणून टोन्ड दूध आणि तेल घेताना पाकिटावर निळं ‘+एफ’ चिन्ह पाहा, त्यात व्हिटॅमिन ए आणि डी वरून घातलेलं असतं.

गाजरं आणि कोहळं रोज खाणाऱ्या मुलाचे तळहात, तळपाय, नाकाचा शेंडा पिवळा दिसायला लागला, तर आधी डोळ्यांचा पांढरा भाग पाहा. तो पांढराच असेल तर तो कॅरोटीनचा रंग आहे, थोडे आठवडे ती भाजी कमी केली की उतरतो. डोळेही पिवळे असतील तर ती कावीळ आहे, आणि त्याच दिवशी मेयो किंवा मेडिकल, म्हणजे इथलं सरकारी रुग्णालय गाठा. घरात व्हिटॅमिन ए-ची कुठलीही गोळी चालू असेल तर तिचं पाकीट सोबत न्या.